दर्याचा ताळेबंद

नगर शहरालाही एक बेट आहे. फक्त त्याच्याभोवती आता पाणी नाही. फराहबाग ही निजामशाहीतली अष्टकोनी वास्तू 1583 साली पूर्ण झाली, तेव्हा तिच्या चहूबाजूंनी तलाव होता. त्या काळी लांबून खापरी नळांनी पाणी आणून ते शहराला आणि महालांना पुरवले जाई. आज तळ्याचा तळ कोरडा आहे आणि महाल जमिनीवर उभा आहे. पाण्याच्या मधोमध राहायची हौस कोकणातल्या राजाला झाली असती का, कोण जाणे. ती हौस आमच्यासारख्यांचीच. पाणी ज्यांच्या वाट्याला मोजून येते, त्यांनाच ते अमाप असल्याची स्वप्ने पडतात.

आमचा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. आता अधिकृत नाव अहिल्यानगर झाले, पण बोलताना तोंडात अजून नगरच येते. जिल्हा एक असला तरी त्यातले पाणी एक नाही. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीला आभाळ फाटल्यासारखे कोसळते, आणि तेच ढग पारनेर, कर्जत, जामखेडवर येईपर्यंत नुसती सावली उरते. 1926 मध्ये पुरे झालेले भंडारदरा धरण आणि नंतरचे मुळा धरण यांच्या कालव्यांवर उत्तरेचा ऊस उभा राहिला. दक्षिणेने टँकर पाहिले. आमच्याकडे वर्तमानपत्रात आवर्तनाची बातमी पहिल्या पानावर येते. कालव्याला पाणी किती दिवस सुटणार, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचणार का, यावर लग्नाच्या तारखा ठरतात आणि निवडणुकाही फिरतात. पाणी म्हणजे हिशेब, हे आम्ही अक्षर गिरवण्याआधी शिकतो.

पोहायला आम्ही शिकलो तेही विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचे दुसरे टोक धरून चुलता थारोळ्यावर उभा. मग मुटका, मग सूर. तळाचा गाळ मुठीत आणून दाखवल्याखेरीज पोहता आले असे कोणी मानत नसे. खाली जाताना कान ठणकत, पाणी हिरव्याचे काळे होई, कपारीतून थंड झरा अंगाला लागे. त्या अंधारात एकच मंत्र होता: श्वास धरून ठेव. छाती फुटायला आली तरी सोडायचा नाही. विहिरीत भिंत नेहमी हाताशी असते, वर पाहिले की गोल आभाळ दिसते आणि पाणी कुठे संपते हे ठाऊक असते. आम्ही पोहणारे होतो, पण बांध घातलेल्या पाण्यातले.

असे आम्ही काही मित्र एका हिवाळ्यात मालवणला निघालो. राहुरीकर ऊसवाला, त्याचे रब्बीचे आवर्तन संपेपर्यंत तारीख ठरेना. अकोलेकर शिक्षक, हरिश्चंद्रगडाच्या केदारेश्वर गुहेतल्या कमरेएवढ्या गार पाण्यातून शिवलिंगाला प्रदक्षिणा घातलेला, म्हणून थंडीचे भय नसलेला. जामखेडकराला पोहताच येत नव्हते, कारण त्याच्या लहानपणी त्यांच्या विहिरीत पोहण्याजोगे पाणी क्वचितच टिकायचे. आणि मी पारनेरचा. कोल्हापूर सोडून राधानगरीवरून फोंडा घाट उतरलो तेव्हा जामखेडकर खिडकीबाहेर बघत म्हणाला, “इथं गवतसुद्धा श्रीमंत दिसतं.”

उतरलो होतो एका मच्छीमाराच्या घरी. पर्यटकांसाठी बांधलेल्या मागच्या दोन खोल्या, पुढे माड, आणि माडांपलीकडे वाळूवर उपडी घातलेली होडी. घरचे दादा पूर्वी रापणीत, म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, होते, आता स्वतःची छोटी बोट चालवतात. त्यांचा मुलगा पर्यटकांना पाण्याखाली नेतो. वहिनींचा हात तिरफळ घातलेल्या बांगड्यासाठी जन्मलेला. आम्ही पाटवड्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती. ती त्यांनी चवीने खाल्ली आणि मोबदल्यात “आणखी एक घावनो घेवा” म्हणत आमचे पान कधी रिकामे होऊ दिले नाही. सोलकढीचा दुसरा पेला मागायला राहुरीकर लाजला, मग लाज सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी आधी किल्ल्यात जायला लावले. “देवाक न भेटता दर्यात खंय जातास?” देव म्हणजे किल्ल्यातले शिवराजेश्वर मंदिर, राजाराम महाराजांच्या काळात बांधलेले. सिंधुदुर्ग हा कुरटे बेटावर उभा आहे. 25 नोव्हेंबर 1664 रोजी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन कामाला सुरुवात झाली आणि 1667 मध्ये किल्ला उभा राहिला. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यांत तो आहे. तटावरून फिरताना सगळे समुद्राकडे तोंड करून फोटो काढत होते. आम्ही नगरवाले मात्र विहिरी शोधत होतो.

दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये तीन गोड्या विहिरी. अकोलेकर काठावर वाकून बराच वेळ बघत राहिला. बेटांवरचे गोडे पाणी हा चमत्कार खरा, पण त्यामागे साधे गणित असते. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि हलके असल्यामुळे खाली शिरलेल्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. जेवढे मुरले तेवढेच उपसले तर विहीर पिढ्यान् पिढ्या गोड राहते. हाव सुटून जास्त उपसले की खालचे खारे वर चढते, आणि मग ते लवकर खाली जात नाही. पारनेरमध्ये बोअर पाचशे फुटांवर गेली की कोरडी धूळ वर येते. इथे मीठ वर येईल. शिक्षा निराळी, कलम तेच.

मग पाण्याखाली उतरण्याची तालीम झाली. बोट किल्ल्याच्या आसपास, खडकांजवळ नांगरलेली. अंगात तंग रबरी पोशाख, कमरेला शिशाचे वजन, पाठीवर दाबून भरलेल्या हवेचे नळकांडे. तोंडात धरायचे यंत्र दोन फ्रेंच माणसांचे देणे. नौदलातला झाक कूस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां यांनी ते 1943 मध्ये जमवले. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी वायूवर चालवायला गान्यांने एक झडप तयार केली होती. तीच पुढे माणसाच्या श्वासाला जोडली गेली. झडपेचे काम एवढेच, की तुम्ही श्वास ओढाल तेव्हाच आणि तेवढीच हवा सोडायची. राहुरीकराने ते तोंडात धरून दोनदा फुसफुस केली आणि बाहेर काढून जाहीर केले, “हे तर ठिबक सिंचन आहे!”

दादांच्या मुलाने शिकवलेल्या गोष्टी थोड्याच. नाक दाबून हलकेच फुंकायचे म्हणजे कान मोकळे होतात. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ. वर यायचे असेल तर अंगठा वर. आणि सगळ्यात महत्त्वाचे: “दम धरून रवू नकात. घेत रवा, सोडीत रवा.” आम्हा विहिरीत शिकलेल्यांची इथेच पंचाईत झाली. पाण्यात तोंड गेले की छाती आपोआप कुलूप लावते. तीस वर्षांची सवय ती. पण इथे श्वास धरणे हाच धोका. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा धरून वर आलात तर ती फुगत फुगत दुप्पट व्हायला बघते, आणि फुप्फुसाला तेवढी जागा नसते. म्हणून सोडत राहायचे. ज्याला पोहता येत नव्हते तो जामखेडकर आमच्यात सर्वांत शांतपणे खाली गेला. त्याच्या अंगात विसरायचे असे काही नव्हतेच.

राहुरीकर खाली जाऊन पिवळे-काळे पट्टे असलेले मासे पाहताच इतका खूश झाला की त्याने मुलाला अंगठा वर करून दाखवला. मुलाने नियमाप्रमाणे त्याला थेट वर आणले. पुन्हा खाली, पुन्हा आनंद, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत “मंजूर, मंजूर” म्हणून हात वर करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एका तासात कसे बदलणार?

माझी पाळी आली. बोटीचा तळ डोक्यावर काळसर दिसू लागला, मग तोही मागे पडला. पहिल्यांदा जाणवला तो आवाज: स्वतःच्या श्वासाची खरखर आणि बुडबुड्यांची गडगड. बाकीचे आवाज येतात, पण कुठून ते कळत नाही, कारण पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि दोन्ही कानांना एकदमच गाठतो. मग रंग. मोहटादेवीहून बांधून आणलेला मनगटावरचा लाल दोरा मातकट दिसू लागला. पाणी आधी लाल उजेड पिऊन टाकते, मग नारिंगी, निळे शेवटी. काचेतून पाहताना मासा आहे त्याहून एक तृतीयांशाने मोठा दिसतो. मासेमारांच्या गोष्टींतला मासा मोठा का असतो, हे कोडे माझ्यापुरते तिथे सुटले.

आणि भिंत नव्हती. हात लांब केला तर नुसते पाणी, पुढे धूसर हिरवे-निळे, त्याच्या पुढे तेच. विहिरीत खाली जाणे म्हणजे तळ गाठणे. इथे तळ होता, वाळूचा, समोरच. पण तो कुठेतरी उतरत जात होता आणि त्याला शेवट नव्हता. भीती वाटली असे म्हणणार नाही. उमगले ते असे की आजवर मी पाणी नेहमी कशात तरी पाहिले होते: हंड्यात, हौदात, पाटात, शेततळ्यात. इथे उलटे होते. मीच त्याच्यात होतो, आणि त्याला माझी काही गरज नव्हती.

खडकावर प्रवाळ होते. चित्रवाहिनीवरच्या रंगीत बागेची अपेक्षा ठेवून मालवणला येऊ नये. इथले पाणी गढूळाकडे झुकणारे, प्रवाळही करडे, शेवाळी, गोलसर, मेंदूसारख्या वळ्यांचे. पण ते जिवंत असतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या प्राण्यांची ती वस्ती. प्रत्येक जण आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतो आणि आपल्या अंगात सूक्ष्म शैवालाला राहू देतो. शैवाल उजेडापासून अन्न करते आणि त्यातले घरमालकाला देते. भाडे वेळेवर पोहोचते तोवर दोघेही सुखी. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापले की हा करार मोडतो: शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे होते, आणि ताप लांबला तर मरते. गोलाकार प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर वाढते. थाळीएवढ्या गोळ्यासमोर मी तरंगत होतो, तो माझ्याहून वयाने मोठा असण्याची शक्यता होती.

त्या गोळ्यावर एक जण उभा होता. शेजारच्या बोटीवरचा पर्यटक, पायात रबरी बूट, समोर कॅमेरा धरलेला वाटाड्या, आणि हातात पावाचा तुकडा. पाव सोडला की मासे झुंडीने येतात, चेहऱ्याभोवती फेर धरतात आणि चित्रफीत झकास होते. वर आल्यावर मी मुलाला विचारले. तो आपल्या पाहुण्यांना खडकावर पाय टेकू देत नाही, पण पावाबद्दल बोलताना खाली बघू लागला. “गिऱ्हाइकाक फोटोत मासो होयो, काका. नाय दिसलो तर पैशे परत मागतत.” प्रवाळावरचे शैवाल खरवडून खाणे हे ज्यांचे काम, ते मासे पावाला सोकावले की खडकावर शैवाल माजते. हे त्याला माझ्याहून चांगले ठाऊक होते. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाने पाण्याखाली उतरण्याचे रीतसर शिक्षण देणारी संस्था काढली आहे आणि किनाऱ्यावरची अनेक पोरे तिथे शिकून तयार झाली आहेत. शिकलेल्याला नियम माहीत असतो. तो पाळायची किंमत मात्र त्याने एकट्याने का मोजावी?

संध्याकाळी दादा जाळे विणत बसले होते. मी म्हटले, “तुमचं बरं आहे दादा, दारात एवढा समुद्र. आमच्यासारखं आभाळाकडं बघत बसायला नको.” ते हसले. “पूर्वी मासो दारात गावायचो. आता तेका शोधूक जावचा लागता.” मग त्यांनी जे सांगितले ते ऐकताना मला वाटले, मी आमच्याच गावच्या पारावर बसलो आहे. दूरवरून येणाऱ्या मोठ्या बोटी पर्ससीन जाळ्याने अख्खा थवाच्या थवा वेढून नेतात. रात्री प्रखर दिवे लावून मासे ओढून घेतात. राज्याने 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने 2017 मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई केली. पण रात्रीच्या समुद्रात पहारा ठेवणार कोण? मला आमचा ओढा आठवला. वरच्या अंगाला पाच बोअर घेणाऱ्याने खालच्या दहा विहिरी आटवाव्यात, तसाच हा प्रकार.

रापणीचा कायदा वेगळा होता. होडीने लांब जाळे अर्धवर्तुळात टाकायचे आणि दोन्ही दोर किनाऱ्यावरून गावाने ओढायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. वाटेने जाणाऱ्याने हात लावला तरी त्याच्या पदरात चार मासे पडत. आमच्याकडे सामाईक विहिरीची पाळी अशीच असते: थोरल्याचा दिवस, धाकट्याची रात्र, विधवा चुलतीची दुपार. पाळीवरून भांडणे होतात, डोकी फुटतात, कोर्टात पिढ्या जातात. पण पाळी आहे म्हणून विहीर सगळ्यांची राहते. रापण मागे पडली आणि समुद्र ज्याचे इंजिन मोठे त्याचा झाला.

अभयारण्याचा विषय निघाला तेव्हा दादांचा सूर बदलला. 1987 साली मालवणभोवतीचे 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. मच्छीमारांनी तेव्हापासून विरोध केला. जंगल राखायचे म्हणून जंगलातल्या माणसाला बाहेर काढतात, तशी आपलीही गत होईल ही भीती. अकोलेकर शिक्षकाने मान डोलावली. त्याच्या तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या वाड्यावस्त्यांचे प्रश्न तो रोज ऐकतो. दादा काही समुद्र ओरबाडायच्या बाजूचे नव्हते. जून-जुलैत बंदी असते तेव्हा ते बोट काढत नाहीत, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय जाळे भिजवत नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच, की नियम करताना आमच्या घरात येऊन बसा.

परतीच्या वाटेवर घाट चढताना मी हे सगळे जुळवत होतो. आमच्या पठारावरच्या माणसाला समुद्र म्हणजे न संपणारी गोष्ट वाटते. आम्ही पाण्याच्या टंचाईत वाढलो, म्हणून जिथे पाणी दिसते तिथे सुबत्ता आहे असे धरून चालतो. पण सुबत्ता पाण्यात नसते, पाण्याने जे पोसले जाते त्यात असते. आणि त्याला मर्यादा आहे. समुद्रालाही दुष्काळ पडतो. तो वरून दिसत नाही, एवढाच फरक. विहीर आटली की तळ उघडा पडतो आणि गाव घाबरते. समुद्र रिकामा झाला तरी लाटा तशाच येत राहतात, आणि पर्यटक त्यांचे फोटो काढत राहतात.

उपायही आमच्याच मातीत आहे. नगर तालुक्यातले हिवरे बाजार हे जेमतेम पावसाचे गाव. तिथे दरवर्षी पाऊस मोजतात, गावसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी पिण्याचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. हे पोपटराव पवारांनी आणि गावाने मिळून जमवले, आणि ते टिकले ते सभेत बसून ठरले म्हणून. मासळीचाही असा ताळेबंद किनाऱ्यावरच्या गावांनी मांडला, त्यात रापणकर, बोटवाले, पाणबुडे पोरगे आणि वनखाते एका सतरंजीवर बसले, तर समुद्राची पाळी पुन्हा लावता येईल. कागदावरच्या अभयारण्यापेक्षा असा हिशेब जास्त टिकतो, हे दुष्काळी मुलुखाने सिद्ध केले आहे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे. दिवाळीनंतर पाणी निवळते आणि घाटावरून मालवणकडे गाड्यांची रांग लागते, तुम्हीही जालच. जरूर जा. उतरायचे तर मच्छीमाराच्या घरी उतरा, म्हणजे तुमचे पैसे त्या चुलीपर्यंत पोहोचतील. बोटीत जीवरक्षक जाकिटे पुरेशी आहेत का ते चढण्याआधी मोजा. खाली जाताना वाटाड्याला स्वतःहून सांगा: पाव नको, मासे आले तर आले, पाय खडकावर टेकणार नाही, हात लावणार नाही, काही वर आणणार नाही. मासा दिसला नाही म्हणून पैसे परत मागू नका. गिऱ्हाइकाने मागितले म्हणून पाव पाण्यात गेला. तो थांबवायचा तर सुरुवात गिऱ्हाइकानेच करायला हवी.